गेटबाहेरची मालकी

सप्टेंबर उजाडला की ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या गृहनिर्माण सोसायट्यांमध्ये वार्षिक सर्वसाधारण सभांची घाई सुरू होते. ३० तारखेच्या आत सभा व्हायला हवी, लेखापरीक्षकाचा अहवाल वाचून मंजूर व्हायला हवा. लिफ्टच्या दुरुस्तीसाठी तीन दरपत्रके का मागवली नाहीत, सिंकिंग फंडाची ठेव कोणत्या बँकेत किती व्याजाने ठेवली, टँकरचा खर्च गेल्या वर्षीपेक्षा का वाढला, अशा एकेका प्रश्नावर तास तास वादावादी होते. बँकेतून निवृत्त झालेले काका, शाळेतल्या बाई, रोज लोकलला लटकून मुंबई गाठणारा तरुण, सगळे पै-पैचा हिशेब मागतात. लोकशाहीला लागणारी चिकाटी या माणसांत भरपूर आहे. पण महापालिकेचे मालमत्ता कराचे बिल आले की हीच माणसे ते निमूटपणे भरतात. मुदतीत भरल्यावर सवलत मिळते, तेवढ्यावर समाधान मानतात.

ते बिल एकदा नीट वाचून पाहावे. सामान्य कर, पाण्याशी आणि मलनिःसारणाशी संबंधित कर, वृक्षकर, शिक्षणकर अशा एकाखाली एक ओळी असतात. शिक्षणकरातला राज्याचा वाटा महापालिका फक्त गोळा करते, तो पुढे सरकारजमा होतो. बाकीच्या ओळींमागे महापालिकेने स्वीकारलेले एकेक काम आहे. ठाण्यातल्या घोडबंदर रस्त्यावरच्या कितीतरी सोसायट्यांच्या ताळेबंदात याच कराच्या शेजारी टँकरचाही खर्च दिसतो. एकाच पाण्यासाठी दोनदा पैसे मोजले जातात. हा प्रश्न इतका चिघळला, की मे २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या पट्ट्यातल्या नव्या बांधकामांवर निर्बंध घातले. तरीही प्रत्येक सोसायटीचा सेक्रेटरी टँकरवाल्याला स्वतंत्र फोन करतो, पाणी खात्याकडे स्वतंत्र अर्ज देतो आणि वाढीव जोडणीसाठी स्वतंत्र ओळख शोधतो. शंभर इमारतींची एकच तक्रार शंभर वेगवेगळ्या कागदांवर जाते, आणि तिचे वजन शंभरात वाटले जाते.

मला या लेखात एवढेच सांगायचे आहे: घरमालकांनी महापालिकेसमोर संघटित होऊन उभे राहिलेच पाहिजे, पण आपल्या इमारतीसाठी नव्हे, प्रभागासाठी. आणि त्या संघटनेत घर नावावर नसलेल्यांनाही बरोबरीची जागा दिली पाहिजे.

करदात्यांच्या संघटनेची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. मुंबईत आर्थर क्रॉफर्ड हे म्युनिसिपल कमिशनर असताना खर्च हाताबाहेर गेला, कर वाढले, आणि १८७१ मध्ये करदात्यांनी मोठे आंदोलन उभे केले. नवरोजी फर्दुनजी त्यात आघाडीवर होते. पुढच्याच वर्षीच्या कायद्याने ६४ सभासदांची म्युनिसिपल कॉर्पोरेशन आली आणि त्यातले निम्मे सभासद करदात्यांनी निवडून द्यायचे ठरले. पण तो अधिकार फक्त ठरावीक कर भरणाऱ्यांचा होता. गिरणी उभी राहिली ज्यांच्या घामावर, त्या कामगारांना मत नव्हते. प्रौढ मताधिकाराने मुंबई महापालिकेची निवडणूक व्हायला १९४८ साल उजाडावे लागले. ‘आम्ही कर भरतो’ हे वाक्य उच्चारताना हा सगळा इतिहास आठवला पाहिजे. कर भरणे हे हिशेब मागण्याचे सबळ कारण आहे. पण शहर कोणाचे, हे ठरवण्याचा तो निकष होऊ शकत नाही. चाळीतला भाडेकरूही घरभाड्यातून आणि रोजच्या खरेदीतून कर भरतोच.

१९९७ च्या सुमारास मुंबईत घाटकोपरच्या जोशी लेनच्या प्रयोगातून एएलएमची, म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंटची चळवळ उभी राहिली. कचरा वेगळा करणे, गल्ली स्वच्छ ठेवणे, वॉर्ड ऑफिसरशी नियमित बैठका घेणे, हे तिचे काम फार मोलाचे होते. पुढे काही ठिकाणी मात्र तिचा सगळा जोर फेरीवाले हटवण्यावर गेला. घरमालकांची संघटना स्वतःच्या दारापुरती पाहू लागली की तिला शेजारी अडचण वाटू लागतात. ठाणे-कल्याणमध्ये ही चूक परवडणारी नाही, कारण इथे मालक कोण, हाच प्रश्न सरळ नाही.

१९६३ च्या मोफा कायद्यानुसार बिल्डरने जमिनीची मालकी सोसायटीच्या नावावर करून द्यायची असते. बिल्डर टाळतात म्हणून २००८ मध्ये मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्सची तरतूद झाली. आजही कितीतरी सोसायट्यांकडे ना कन्व्हेयन्स आहे ना ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र. भिंती आपल्या आणि जमीन अजून बिल्डरची, अशी ही मालकी. त्याहून वाईट अवस्था डोंबिवलीतल्या ६५ इमारतींची. कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून त्यांच्या बिल्डरांनी महारेराची, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाची, नोंदणी मिळवली. लोकांनी तो नंबर पाहून विश्वासाने घरे घेतली, कर्जे काढली, मुद्रांक शुल्क भरले. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने या इमारती पाडायला सांगितले. याच महापालिकेच्या हद्दीतली बेकायदा बांधकामे त्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या अग्यार समितीने मोजली, तेव्हा आकडा ६७,९२० निघाला होता. एवढी बांधकामे प्रशासनाच्या डोळ्यांसमोर उभी राहतात आणि शिक्षा मात्र शेवटी घर घेणाऱ्याला होते. अशा शहरात ‘आमची इमारत अधिकृत आहे, बाकीच्यांचे ते बघतील’ असे म्हणणारी संघटना पोकळच राहील.

दीर्घकाळ टिकलेल्या संघटनेचे उदाहरण फ्लॅटमालकांनी शेजारच्या गावांत पाहावे. निळजे, सोनारपाडा, भोपर यांसारखी २७ गावे १९८३ मध्ये महापालिकेत आली, २००२ मध्ये वगळली गेली आणि २०१५ मध्ये पुन्हा घेतली गेली. या सगळ्या काळात इथल्या भूमिपुत्रांच्या संघर्ष समितीने कर, विकासाचा निधी आणि वेगळी नगरपालिका हे प्रश्न सोडले नाहीत. त्यांच्या सगळ्या मागण्यांशी सहमत व्हायची गरज नाही. पण पिढी बदलली तरी प्रश्न हातातून सुटू द्यायचा नाही, हे त्यांना जमले आहे. फ्लॅटमधल्या माणसाला ते अजून जमलेले नाही.

याचे एक कारण आपण लावून घेतलेली सवय आहे. सोसायटीच्या आवारातल्या बाकावर नगरसेवकाचे नाव रंगवलेले असते, पेव्हर ब्लॉकच्या वाटेवर ‘यांच्या निधीतून’ अशी पाटी असते. पैसा जनतेचा, काम महापालिकेचे, आणि आभार मात्र एका माणसाचे. निवडणुकीआधी सोसायटीची कमिटी त्याला बोलावते, मते मोजून दाखवते आणि बदल्यात गच्चीचे वॉटरप्रूफिंग मागते. हक्काने मागायची गोष्ट अशी उपकार म्हणून पदरात पडली, की गटार आणि शाळा कोणी मागतच नाही, कारण त्यावर कोणाची पाटी लागत नाही.

दुसरे कारण, आपण न्यायालयावर फार विसंबलो. कचऱ्याची विल्हेवाट लावता येत नाही म्हणून एप्रिल २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने कल्याण-डोंबिवलीत नव्या बांधकामांना परवानगी देण्यास मनाई केली. ती वर्षभराने उठली. आधारवाडीची कचराभूमी मात्र २०२१ पर्यंत तशीच वाढत राहिली. ती बंद करणे शक्य झाले, त्यात २०२० मध्ये सुरू झालेल्या कचरा वर्गीकरणाच्या मोहिमेचा मोठा वाटा आहे. घराघरांत ओला आणि सुका कचरा वेगळा करणाऱ्या बायकांनी आणि तो उचलणाऱ्या सफाई कामगारांनी ते काम रोज केले. न्यायालय धक्का देऊ शकते, पण शहर रोज चालवू शकत नाही.

कायद्याने नागरिकांसाठी दारे ठेवली आहेत. ७४ व्या घटनादुरुस्तीनंतर प्रभाग समित्या आल्या, आणि नगरसेवकांबरोबर नागरी संस्थांचे जास्तीत जास्त तीन प्रतिनिधी त्यांत नेमण्याची सोय झाली. २००९ मध्ये क्षेत्रसभेची तरतूद झाली. शहरातली ग्रामसभाच ती. मतदारांनी एकत्र बसून आपल्या भागाच्या कामांचा क्रम ठरवावा, अशी तिची कल्पना. मालक-भाडेकरू हा भेद तिथे नाही. पण ती कागदावरच राहिली. नोव्हेंबर २०२० मध्ये कल्याण-डोंबिवलीच्या आणि मार्च २०२२ मध्ये ठाण्याच्या नगरसेवकांची मुदत संपल्यावर वर्षानुवर्षे प्रशासकांनीच कारभार पाहिला, आणि आपल्यापैकी फार थोड्यांना त्याचे वाईट वाटले. दार खरोखर उघडले की लोक येतात, हेही आपण पाहिले आहे. ठाण्याची सुधारित विकास योजना ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा हजारो हरकती दाखल झाल्या. त्यासाठी लोकांनी नकाशे वाचायला शिकून घेतले.

संघटनकौशल्याची उणीव इथे नाहीच. गुढीपाडव्याची स्वागतयात्रा १९९९ मध्ये डोंबिवलीत सुरू झाली आणि राज्यभर पसरली. शेकडो संस्थांना एका दिवशी एका रांगेत आणणाऱ्या गावाला प्रभागाचा संघ उभारणे जड जायला नको. ठाण्यात गृहनिर्माण संस्थांचा जिल्हा महासंघ आहे, मतदाता जागरण अभियानासारखे नागरी गट आहेत. आता प्रभागाप्रभागात कायमचे व्यासपीठ हवे. सोसायट्या, चाळी, दुकानदार, भाडेकरू सगळे त्यात असावेत, आणि पाणी, कचरा, रस्ते, शाळा यांच्या तक्रारींची एकच नोंदवही असावी. जी मागणी एका इमारतीपुरती आहे ती संघाने पुढे न्यायचीच नाही, हा पहिला नियम असावा.

दिवाळीनंतर आयुक्तांच्या कार्यालयात पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकाची जुळवाजुळव सुरू होते. त्याआधी प्रत्येक प्रभागाने आपल्या पाच कामांची यादी ठरवून लेखी द्यावी, आणि तिची पोच घ्यावी. दर महिन्याला तिचा पाठपुरावा करावा. माहितीच्या अधिकारात मागील वर्षाच्या तरतुदी आणि प्रत्यक्ष खर्च मिळवून ते नाक्यावर लावावेत. मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाकडून क्षेत्रसभा भरवण्याचे लेखी वचन घ्यावे. यातल्या कशालाही नवा कायदा लागत नाही. लागते ती शेजारच्या इमारतीची, तिच्यामागच्या चाळीची आणि तिथल्या भाडेकरूची साथ, आणि ती मागायला आपणच आधी त्यांच्या दारी गेले पाहिजे.