हिरवे पाणी : फिर्याद कोणाची?

घरातील माशांच्या काचपेटीचे पाणी एके दिवशी हिरवट दिसू लागते आणि आठवड्याभरात इतके गढूळ होते की, आतला गोल्डफिश काचेशी आला तरच नजरेस पडावा. मग घरात हुकूम सुटतो : सारे पाणी ओता, काच घासा, गारगोट्या नळाखाली धुवा! या हुकमाची थोडी उलटतपासणी करणे आम्हांस अगत्याचे वाटते. कारण प्रश्न दिसतो स्वच्छतेचा, पण मुळात तो कर्तव्याचा आहे.

प्रथम, फिर्याद कोणाची? हे हिरवेपण म्हणजे पाण्यात तरंगणारे एकपेशीय शैवाल. एरवी ते माशाला बाधत नाही. बाधते ते आपल्या डोळ्यांना. म्हणजे वादी आपण, न्यायाधीशही आपण. आणि शिक्षा भोगावयाची माशाने! माशाला खरे विष आहे ते त्याच्याच शरीरातून बाहेर पडणारा अमोनिया. त्याचे नायट्राइट व पुढे नायट्रेट करणारे जिवाणू गारगोट्यांवर आणि फिल्टरच्या स्पंजात वस्ती करून असतात. नळाच्या पाण्यातील क्लोरीन त्यांचा संहार करते. पेटी लखलखते, आणि चार दिवसांत मासा उलटा तरंगताना दिसतो. पाणी पुनश्च हिरवे होते ते वेगळेच, कारण मूळ कारणांना कोणी हात लावलेला नसतो.

ती कारणे दोन. पेटी खिडकीशी, कारण तेथे ती शोभते. दिवा रात्री उशिरापर्यंत, कारण पाहुण्यांनी पाहावे. हे झाले प्रकाशाचे. दुसरे कारण खाणे. येणारा-जाणारा चिमूट टाकतो. उरलेले कुजते आणि त्यातून सुटणाऱ्या नायट्रेट-फॉस्फेटवर शैवाल पोसते. देवळाच्या तळीत चुरमुरे टाकणाऱ्या भाविकाची भूतदया आम्ही कमी लेखीत नाही. (तळीही त्याने हिरवी होतेच, हा भाग निराळा.) पण त्या दयेत माशाची भूक किती आणि आपली हौस किती, हे कधीतरी पाहावे की नाही?

दुसऱ्याची ठेव सांभाळणाऱ्याने सामान्य सुज्ञ माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी घेतली पाहिजे, असे १८७२ च्या करार कायद्याचे १५१ वे कलम सांगते. मासा तर कोणी आपल्याकडे ठेवावयास दिलेला नाही. आपणच त्याला हौसेने कोंडले. तेव्हा आपले दायित्व त्याहून हलके कसे असेल?

म्हणून हिरवे पाणी तसेच राहू द्यावे, असे मात्र नव्हे. दाट शैवाल रात्री पाण्यातील प्राणवायू ओढून घेते आणि एकाएकी मेले तर कुजताना तो संपवते. उपाय आहे, पण तो आवरते घेण्याचा. तीन-चार दिवस पेटी जाड कापडाने झाकावी, खाणे बंद ठेवावे, हवेचा पंप चालू असावा. नंतर चतुर्थांश पाणी बदलावे. नवे पाणी क्लोरीन काढूनच घालावे. स्पंज पेटीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा. पुढे दिवा आठ तास, आणि खाणे दोन मिनिटांत संपेल तेवढेच.

सर्वांत अवघड ते पहिले तीन दिवस. धडधाकट मोठ्या माशाला तेवढा उपास सहज सोसतो. घरातील मंडळींना मात्र कापडाचा कोपरा उचलून पाहिल्यावाचून राहवत नाही.