खाऱ्या वाऱ्यातलं कुंपण

अर्नाळा, राजोडी, कळंब, भुईगाव. वसईच्या या किनारपट्टीत लोखंडी जाळीचं कुंपण फार वर्षं तग धरत नाही. समुद्रावरच्या वाऱ्यात मीठ, त्यात पावसाळाभर ओलावा. दोन्ही मिळून लोखंड पोखरतात. आपण सणावाराला वरून रंगाचा हात मारतो. पण गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते. तो आतून फुगतो, रंगाला फोड येतात, नखाने टोकरलं की पापुद्रा सुटतो आणि बोटाला तांबूस भुकटी लागते. सिमेंटचा खांब रोवला, तरी आतली सळई गंजली की तोही उभा तडकतो. जस्ताचा मुलामा दिलेली जाळी जास्त टिकते, कारण लोखंडाच्या आधी जस्त स्वतः झिजतं. पण तेही एक दिवस संपतं.

मग या हवेत टिकतं काय?

वसईच्या किल्ल्याचा तट पाहा. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या फौजेने तो घेतला, तेव्हाच तो जुना होता. आज ठिकठिकाणी पडझड झाली आहे, झाडांच्या मुळांनी चिरे हलले आहेत. तरीही दगड-चुन्याचं ते बांधकाम उभं आहे. लोखंडाला खाणाऱ्या हवेतलाच कार्बन डायऑक्साइड शोषून चुना घट्ट होतो.

आणि कडू मेंदी, म्हणजे वनजाई पाहा. खाडीकाठी तिवरांच्या शेजारी ती आपली आपण वाढते. गुरं तिला तोंड लावत नाहीत. पावसाच्या तोंडावर फांदी खोचली की रुजते, छाटली की आणखी दाट होते. जाळीला एकदा भोक पडलं की ते मोठंच होत जातं. मेंदीची फट पुढच्या पावसात भरून येते.

आपण टिकाऊ वस्तू शोधताना बहुधा कठीण वस्तू शोधतो. टिकतं ते मात्र भोवतालच्या हवेतून काही घेऊन घट्ट होणारं, वाढणारं. माणसांचंही तसंच आहे. आपल्या वाट्याची खारी हवा आपल्याला बदलता येत नाही. वरून रंग देऊन आतलं झाकत राहिलो, तर पोखरणं थांबत नाही. तिच्यातच मुळं धरली आणि वेळोवेळी छाटणी सोसली, तर तीच हवा आपल्याला वाढवते.

यंदा गंजकी जाळी काढाल, तेव्हा तिच्या जागी जिवंत काही लावा. पहिली एक-दोन वर्षं त्याला आपण जपायचं. पुढे तेच आपल्याला राखतं.