मण्याचे वेज

भाविकहो, नेवाशास पैसाच्या खांबाचे दर्शन घेऊन आम्ही प्रवरेच्या वाळवंटात उतरलो, तो एक तांबूस अकीक दिसला. वाटले, अंगठीत घालावा! निर्लोभतेचे निरूपण करणारे आम्ही, पण मूठ घट्ट मिटली.

येथेच १९५४ ते ५६ मध्ये डॉ. सांकळियांच्या उत्खननात रंगीत दगडांचे प्राचीन मणी निघाले. काळ्या पाषाणाच्या पोकळीत अकीक घडतो. परंतु घासून, वेज पाडल्यावाचून तो माळेत ओवला जात नाही. आमच्या गळ्यात तुळशीचे मणी आहेत खरे. पण ‘मी’पणाला वेज पडले का? नाही तर नामाचा दोरा आत शिरणार कोठून?

खडा प्रवरामाईस परत दिला. मूठ उघडली, मग टाळी वाजली. रामकृष्णहरि!