एकट्याने पाहिलेले

परदेशी जाऊन आलेल्या माणसाला रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात पहिला प्रश्न विचारला जातो, ‘कोणाबरोबर गेला होतात?’ काय पाहिले, हा प्रश्न मागाहून येतो, आणि पुष्कळदा येतही नाही. या विचारण्यात थोडा चौकसपणा आहेच. पण त्यामागे प्रवासाविषयीची एक पक्की समजूतही आहे. आपल्या धर्मग्रामांतून प्रवास म्हणजे पन्नास माणसांची बस, पुढच्या आसनावर फादर, घाट चढताना सुरू झालेली पवित्र माळ आणि मागच्या बाकांवरून पुढे सरकत येणारा घरचा खाऊ. वेलंकणी असो, जुने गोवे असो की लूर्द असो, रीत तीच. आनंदाला साक्षीदार नसेल तर तो आनंद अपुरा, अशी ही समजूत आहे आणि ती सहज झटकून टाकण्याजोगी नाही. तिच्या पाठोपाठ दुसरा एक प्रश्न येतो, तो मात्र तोंडावर कोणी विचारत नाही: एकट्याच्या सुखासाठी एवढा पैसा खर्चणे कितपत योग्य?

गेल्या वर्षी सप्टेंबर महिन्यात मी पोर्तुगालमधील लिस्बन, कुइंब्रा आणि पोर्तो या तीन शहरांत एकटीने सोळा दिवस काढले. लिस्बनहून सिंत्राचा डोंगर आणि फातिमा, पोर्तोहून दोरू नदीचे खोरे, अशा सकाळी जाऊन संध्याकाळी परतण्याच्या सहलीही केल्या. त्यांचे प्रवासवर्णन लिहिण्याचा येथे हेतू नाही. वरील दोन प्रश्न मला तेथे रोज नव्याने भेटत राहिले, त्यांचाच विचार करावयाचा आहे.

ख्रिस्ती परंपरेचा कौल प्रथमदर्शनी तरी एकट्या प्रवाशाच्या विरुद्ध जातो. प्रभू येशूने शिष्यांना पाठविले ते दोघा-दोघांनी. संत बेनेडिक्ट यांनी आपल्या नियमावलीच्या पहिल्याच प्रकरणात मठवासीयांचे प्रकार सांगताना सर्वांत वाईट ठरविला तो भटक्यांचा. आज या मठात, उद्या त्या मठात असे तीन-चार दिवस पाहुणचार झोडत हिंडणाऱ्यांचा. त्याच नियमावलीत पुढे कामानिमित्त बाहेरगावी जाऊन आलेल्या बंधूने बाहेर पाहिलेले, ऐकलेले मठात येऊन कोणाला सांगू नये, असाही दंडक आहे. प्रवासाहून परतताच दोनशे छायाचित्रे शेजाऱ्यांपुढे धरणाऱ्या आपल्या पिढीला तो फारच जड जाईल. आपले वसईचे संत गोन्सालो गार्सिया तरुणपणी व्यापारासाठी जपानात हिंडले, मनिलापर्यंत गेले. परंतु त्या भ्रमंतीचा शेवट झाला तो फ्रान्सिस्कन बंधूंच्या सहवासात, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर इतर पंचवीस जणांच्या रांगेत.

या सर्वांच्या विरुद्ध बाजूला एक लंगडणारा बास्क सरदार उभा आहे. १५२३ साली संत इग्नाशिअस लोयोला बार्सिलोनाहून जेरुसलेमला निघाले, तेव्हा त्यांना सोबत देऊ करणारे लोक होते. इटालियन येत नाही, लॅटिन येत नाही, एकटे कसे जाणार, असे सांगून पाहणारेही होते. त्यांनी सोबत नाकारली. त्यांचे कारण त्यांच्या आत्मकथनात नमूद आहे. सोबती असला तर भूक लागल्यावर आपण त्याच्याकडे पाहू, पडलो तर त्याच्या हाताची वाट पाहू. मग तो भरवसा, ती माया आणि ती आशा त्याच्यावर जडेल, आणि ती तर केवळ देवावर ठेवावयाची आहे. जहाजावर चढण्यापूर्वी खिशात उरलेली पाच-सहा नाणीही त्यांनी किनाऱ्यावरील एका बाकावर ठेवून दिली. पुढे गाएता, रोम, पादुआ, व्हेनिस. व्हेनिसला ते संत मार्कच्या चौकात उघड्यावर झोपत.

या कथेचा मला फार उपयोग झाला, कारण एकटेपणाचे दोन निरनिराळे अर्थ तिने वेगळे करून दाखविले. एक एकटेपणा असा की ज्यात माणूस कोणाला उत्तर देणे लागत नाही. वाटेल तेव्हा उठावे, वाटेल तेथे वळावे. आजच्या प्रवासी कंपन्यांच्या जाहिराती विकतात तो हाच. दुसरा एकटेपणा असा की ज्यात माणसाचा आधार काढून घेतला जातो. इग्नाशिअस यांना मोकळीक नको होती, निराधार व्हावयाचे होते. या मोजपट्टीने पाहिले तर आजचा एकटा प्रवासी एकटा नसतोच. त्याच्या खिशात बँकेचे कार्ड असते, हातातल्या फोनवर नकाशा असतो, रात्रीची खोली तीन महिन्यांपूर्वी ठरलेली असते. पुढे सारा प्रवास तो अनोळखी माणसांच्या खांद्यावरून करतो, फक्त ते खांदे त्याला दिसत नाहीत.

लिस्बनमध्ये हे खांदे मला थोडेफार दिसले. मोरारिआच्या चढावरील वस्तीत बंगाली आणि नेपाळी बोलणे कानी पडते. जुन्या भागातील घरे एकामागून एक प्रवाशांच्या खोल्या होत गेली आणि भाडे न परवडल्याने मूळचे रहिवासी शहराबाहेर सरकले. प्रश्न इतका चिघळला की २०२३ साली तेथील सरकारने सदनिकांमधून अशा खोल्या भाड्याने देण्याचे नवे परवाने बहुतेक भागांत थांबविले. २०२४ साली आलेल्या दुसऱ्या सरकारने ती बंदी उठविली. मीही अशाच एका खोलीत राहत होते. खिडकीखाली दोरीवर कपडे वाळत घालणारी एक म्हातारी त्या इमारतीतली बहुधा शेवटची भाडेकरू असावी. वसईच्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. सुट्टीच्या दिवशी आपल्या केळीच्या बागांतून, जुन्या घरांच्या ओट्यांसमोरून फोटो काढत हिंडणाऱ्यांना आपण काय म्हणतो, ते आपल्याला ठाऊक आहे. ‘किती छान, किती शांत’ असे ते म्हणतात, आणि त्यांच्याच पायी ती शांतता जाते.

पाहणे निरुपद्रवी असते, असे आपण गृहीत धरतो. सिंत्राच्या डोंगरावर या समजुतीला मोठा धक्का बसला. लिस्बनच्या रोसिओ स्थानकावरून आगगाडीने पाऊण तासाच्या आत तेथे पोचता येते. धुके, गर्द झाडी, शिखरावर पेना राजवाडा, आणि त्या राजवाड्यापुढे लांबच लांब रांग. मी त्या गर्दीतून निघून कापुचोसच्या मठाकडे गेले. १५६० साली बांधलेला हा लहानसा फ्रान्सिस्कन मठ बुचाच्या सालीने मढविलेला आहे. खोल्या इतक्या अरुंद आणि दारे इतकी बुटकी की वाकल्याशिवाय आत जाताच येत नाही. १८३४ साली पोर्तुगालमधील मठ बंद करण्यात आले, तेव्हा तोही ओस पडला. भोवताली युरोपातले एक अतिशय देखणे अरण्य असताना या बंधूंनी भिंतीला खिडक्या ठेवल्या त्या मोजक्या आणि इवल्याशा. त्यांना सौंदर्याचे वावडे होते, असे मला वाटत नाही. मात्र सौंदर्याचा पुरवठा आपल्या हाती ठेवू नये, एवढे शहाणपण त्यांच्यापाशी असावे.

हा मठ बांधला दों आल्वारो द कास्त्रो यांनी, आपल्या पित्याचा नवस फेडण्यासाठी. ते पिता म्हणजे दों जुआंव द कास्त्रो, दीवचा वेढा मोडणारे, हिंदुस्थानातील पोर्तुगीज सत्तेचे व्हाइसरॉय, ज्यांचे १५४८ साली गोव्यात निधन झाले. हे कास्त्रो केवळ तलवारबहाद्दर नव्हते. गोव्याहून दीवला जाताना कोकण किनाऱ्याची त्यांनी बारकाईने नोंद ठेवली. घारापुरीची लेणी पाहून ते थक्क झाले, तेथील कोरीवकामाचे वर्णन त्यांनी मन लावून लिहिले. युरोपियन माणसाने घारापुरीचे केलेले हे आरंभीच्या वर्णनांपैकी एक होय. आणि सिंत्रा येथील त्यांच्या पेन्या व्हेर्द नावाच्या बागेत एक संस्कृत शिलालेख येऊन पडला, तो सोमनाथचा. इ. स. १२८७ मधला, वाघेला राजा सारंगदेवाच्या काळातला. त्रिपुरांतक नावाचा एक शैव तपस्वी केदार, प्रयाग, रामेश्वर अशी तीर्थे करीत अखेर सोमनाथला आला आणि तेथे त्याने पाच देवालये बांधली, त्याची ही प्रशस्ती.

बागेचे फाटक बंद होते. शिलालेख मी पाहिला नाही. फाटकाबाहेर उभी राहून मी विचार करीत होते तो या दोन प्रवाशांचा. त्रिपुरांतक जेथे पोचला तेथे त्याने काही उभे केले. कास्त्रोंनी जे पाहिले त्याची त्यांना खरीखुरी भुरळ पडली होती, आणि त्या भुरळीमुळेच त्या प्रवाशाची आठवण सात समुद्रांपलीकडच्या एका बागेची शोभा झाली. संत ऑगस्टिन डोळ्यांच्या वासनेविषयी लिहितात, तेव्हा पूर्वी मला ते अतिरेकी वाटे. आता वाटते, कौतुक आणि हाव यांच्यामध्ये भिंत नसते. एक साधा उंबरठा असतो. इग्नाशिअससारखा संतही तेथे अडखळला. जेरुसलेममध्ये राहण्याची परवानगी फ्रान्सिस्कन वरिष्ठांनी नाकारल्यावर, निघण्यापूर्वी ते कोणालाही न सांगता एकटेच ऑलिव्हच्या डोंगरावर गेले, पहारेकऱ्यांना चाकू देऊन आत शिरले. परत फिरल्यावर त्यांना आठवले की, शिळेवरील प्रभूच्या पावलांपैकी उजवे कोणत्या दिशेला आणि डावे कोणत्या दिशेला हे नीट पाहायचे राहिले. म्हणून पुन्हा गेले आणि या खेपेस कातरी दिली. मठाच्या सेवकाने त्यांना दंडाला धरून, दटावीत परत आणले. मला ही गोष्ट फार आवडते. सर्वस्व टाकून आलेल्या माणसाला अजून एकदा पाहण्याचा मोह टाकता आला नाही.

तर मग एकट्याने हिंडण्याच्या बाजूने काय उरते? दोरूच्या खोऱ्यात मला एक उत्तर मिळाले, तेही आगगाडीत. पोर्तोच्या साओ बेंतो स्थानकातून सुटणारी गाडी पुढे नदीकाठाने पिन्यांवपर्यंत जाते. दोन्ही तीरांवर डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी कोरलेले. एकेका पायरीचा दगडी बांध हातांनी रचलेला. १७५६ साली या द्राक्षभूमीची सीमा आखून देण्यात आली; एकोणिसाव्या शतकात फिलोक्सेरा या कीटकाने वेली मारल्या, आणि ज्या पायऱ्यांवर पुन्हा लागवड झाली नाही त्यांना तेथील लोक ‘मोर्तोरिओ’ म्हणतात. सगळा देखावा म्हणजे मेहनतीचा हिशेब आहे. माझ्यासमोर बसलेल्या वयस्क बाईने मला विचारले, ‘सोझिन्या?’ एकटीच? मी मान हलविली. तिने आपली टोपली बाजूला सारून मला खिडकीजवळची जागा दिली, आणि थोड्या वेळाने चार अंजिरे. मी पन्नास जणांच्या तांड्यात असते तर तिने आम्हां सर्वांकडे पाहून खिडकीकडे तोंड फिरविले असते, आणि तेही योग्यच. तांडा जेथे जातो तेथे आपले घर बरोबर नेतो. एकटा माणूस मात्र पाहुणा असतो. त्याला विचारावे लागते, घ्यावे लागते, मोडक्यातोडक्या भाषेत आभार मानावे लागतात. बेनेडिक्टच्याच नियमावलीत प्रत्येक पाहुण्याचे स्वागत ख्रिस्ताप्रमाणे करावे असे सांगितले आहे. ते वचन आपण नेहमी यजमानाच्या बाजूने वाचतो. पाहुण्याच्या बाजूने वाचले तर ते भिववते. माझ्यासाठी जागा करणाऱ्याच्या वाट्याला मी कोण म्हणून येते?

राहिला पैशाचा प्रश्न. स्वतःवर खर्च केलेल्या पैशाचे समर्थन करताना आपण बेथानीच्या मरियेची आठवण काढतो. तीनशे दिनारांचे सुगंधी तेल ओतले आणि यहूदाने नाक मुरडले. परंतु मरियेने ते तेल स्वतःच्या डोक्यावर ओतले नव्हते. माझ्या तिकिटाच्या पैशांत एखाद्या मुलीचे कॉलेजचे वर्ष निघाले असते, हे मला जाताना ठाऊक होते, आजही आहे. दोरूचे खोरे पाहून मी अधिक चांगली माणूस झाले, म्हणून तो खर्च वसूल झाला, असे म्हणणे हा देवाशी केलेला वाणीपणा होईल. तो हिशेब उघडा ठेवूनच मी हे लिहिते आहे.

फातिमाला मात्र मी एकटी जाऊ शकले नाही. निघण्यापूर्वी गावात बातमी पसरली आणि घरी चिठ्ठ्या येऊ लागल्या: कोणाच्या सुनेला मूल हवे, कोणाचा मुलगा आखातात अडकलेला, कोणाचे पुढच्या महिन्यात ऑपरेशन. एकूण एकतीस. १९१७ साली जेथे त्या तीन मुलांना दर्शन झाले, त्या लहानशा चॅपेलपुढे गुडघ्यांवर सरकत येणारी माणसे होती. मी कडेला उभी राहून एकेक चिठ्ठी वाचली. त्याला पाऊण तास लागला, आणि बाकीचे पाहण्याचे राहून गेले. जवळच मेणाचे अवयव विकायला होते, आपल्या बांद्र्याच्या माउंट मेरीला असतात तसेच: हात, पाय, डोळे, काळीज. एका चिठ्ठीत शेजारच्या म्हाताऱ्या आजोबांनी गुडघ्यासाठी मेणाचा पाय वाहावा असे लिहिले होते. उजवा की डावा, ते लिहायचे राहिले होते. मी दोन्ही घेतले.