बघण्याची वहिवाट

आमच्या कोकणात पायवाट बरेचदा कुणाच्या तरी खळ्यातून जाते. जाणारा हाक घालतो, "आहात काय घरात?" आतून येतं, "कोण ते? पाणी पिऊन जावा." वहिवाट हक्काची खरी, पण हाक घातल्याशिवाय कुणी ती वापरत नाही.

गिरगावच्या खोताच्या वाडीत आता हेरिटेज वॉकवाले येतात. दादोबा वामन खोतांच्या नावाची ही वाडी. ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांची जुनी घरं, बाहेरून चढणारे लाकडी जिने, कोपऱ्यावरचा क्रूस. माहिती सांगणारा मन लावून सांगतो. मे महिन्याच्या घामातही माणसं कान देऊन ऐकतात. पण व्हरांड्यात बसलेल्या म्हातारीला कुणी हाक घालत नाही. तिच्या खिडकीचे फोटो मात्र निघतात.

गल्ली सगळ्यांची, म्हणून खिडकीही सगळ्यांची होते का? मला तसं वाटत नाही. उलट बाजूही आहे. आजूबाजूला टॉवर उठत असताना ही घरं टिकावीत असं परक्याला वाटायचं, तर त्याने ती बघायला हवीत. तेव्हा बघणं वाईट नाही. फक्त बघणाऱ्याने आधी स्वतःला दाखवावं: नाव सांगावं, गाव सांगावं. आणि आतून "आज नको" आलं, तर मुकाट पुढे जावं.