सांपडलेली किल्ली

पुणें जिल्ह्याच्या आग्नेय टोंकास, इंदापूर तालुक्यांत, जेथें नीरा भीमेस मिळते तेथें नरसिंहपूर वसलें आहे. तेथील लक्ष्मी-नृसिंह हा अनेक मराठी घराण्यांचा कुलस्वामी. नृसिंहाची कथा वाचकांस नव्यानें सांगावयास नको. वर मागतांना हिरण्यकशिपूनें मरणाच्या सगळ्या वाटा बंद केल्या होत्या : घरांत नको, बाहेर नको, दिवसा नको, रात्रीं नको, मनुष्याच्या हातून नको, पशूच्या हातून नको. उरला तो उंबरठा. बंदोबस्त कितीहि पक्का असो, त्याला कोठें तरी एक उंबरठा राहतोच, हें त्या असुराच्या ध्यानांत आलें नाहीं. ह्याच क्षेत्रीं गेल्या वर्षीं आम्हांस अशाच एका उंबरठ्यावर उभें राहावें लागलें. त्या वेळीं मनांत उपजलेला प्रश्न आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

आमचे एक स्नेही निवृत्तीनंतर तेथें जाऊन राहिले होते. घराण्याचें मोडी दप्तर वाळवीच्या तोंडून सोडवून त्याचीं छायाचित्रें त्यांनीं संगणकावर उतरविलीं. मूळ कागद पुढें बहुतेक नष्टच झाले. त्याच संगणकांत त्यांची रोजनिशीहि होती, आणि हें सर्व त्यांनीं कुलुपबंद करून ठेविलें होतें. काळ्या पडद्यावर आज्ञेची एक ओळ टंकावयाची, कीं लेखाचा निरर्थक अक्षरांचा ढीग होतो. परवलीचें वाक्य दिल्यावांचून त्याचा पुन्हा लेख होत नाहीं. ह्या साधनास 'जीपीजी' म्हणतात; वेर्नर कोख ह्या जर्मन गृहस्थानें रचलेली त्याची पहिली पूर्ण आवृत्ति १९९९ सालीं निघाली. स्नेही वारले. वर्षश्राद्धास आम्ही गेलों असतां त्यांच्या मुलानें आम्हांस घाटावर नेलें आणि खिशांतून एक चिठ्ठी काढली. वडिलांच्या पोथीच्या बासनांत ती त्यास सांपडली होती. तिच्यावर एकमेकांशीं संबंध नसलेले सात शब्द होते. "काका, उघडूं का?" त्यानें विचारलें.

किल्ली सांपडली तर कुलूप उघडावें, ह्यांत विचारावयाचें काय, असें कोणी म्हणेल. परंतु किल्ली मिळणें वेगळें आणि सांपडणें वेगळें. दिलेल्या किल्लीबरोबर देणाराची संमति येते; सांपडलेल्या किल्लीबरोबर केवळ सामर्थ्य येतें. ही पोथी मुलगा कधींच उघडणार नाहीं म्हणून त्यांनीं चिठ्ठी तेथें ठेविली, कीं एक दिवस उघडीलच म्हणून ठेविली ? सांगणारा आतां उरला नव्हता.

सज्जनास लपवावयाचें काय असतें, हा आक्षेप जुना आहे. पत्र लिफाफ्यांत घालणारा प्रत्येक मनुष्य अपराधी नसतो. मनाला वस्त्र लागतें, तें लज्जेचें चिन्ह आहे, पापाचें नव्हे. तथापि सत्तेस तें नेहमींच रुचतें असें नाहीं. अमेरिकेंत फिल झिमरमन ह्यांनीं १९९१ सालीं 'पीजीपी' हें असेंच साधन लोकांस फुकट दिलें, तेव्हां निर्यातीच्या कायद्याखालीं त्यांच्यामागें चौकशी लागली. ती १९९६ सालीं आरोप न ठेवतां सोडून देण्यांत आली. आमच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनीं २०१७ च्या ऑगस्टांत खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. तेव्हां कुलूप लावण्याचा स्नेह्यांचा अधिकार आम्हांस पूर्ण मान्य आहे. प्रश्न आहे तो किल्लीचा.

ह्या विद्येचें एक सूत्र केर्कहॉफ्स ह्यांनीं १८८३ सालीं सांगितलें : कुलपाची रचना शत्रूस ठाऊक झाली तरी चालेल, गुपित राहावयाचें तें किल्लीचें. 'जीपीजी'ची घडण म्हणूनच कोणासहि पाहावयास मोकळी आहे. पण ह्याचा अर्थ असाहि होतो कीं, किल्ली गेली तर बोलवावयास लोहार नाहीं. मालकाच्या विसराळूपणास किंवा मृत्यूस येथें क्षमा नाहीं.

महाराष्ट्रानें असें कुलूप पूर्वीं पाहिलें आहे. महानुभावांनीं आपले ग्रंथ सकळ, सुंदरी इत्यादि सांकेतिक लिपींत लिहून ठेविले. त्या लिपींची किल्ली गुरूकडून शिष्याकडे जात राहिली, म्हणून ग्रंथ जिवंत राहिले. पण पंथाबाहेरील मराठी वाचकांस 'लीळाचरित्रा'सारख्या आद्य गद्यग्रंथाची ओळख कित्येक शतकें झाली नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं राजवाडे, भावे प्रभृति संशोधकांच्या खटपटीनें तें दार उघडलें. किल्लीस वारस होता म्हणून ठेवा वांचला, आणि वारस थोडे होते म्हणून तो इतका काळ दडून राहिला. ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळीं खऱ्या आहेत.

ह्यावरून आम्हांस असें वाटतें कीं, मनुष्याजवळ दोन प्रकारचा ठेवा असतो. एक त्याचा स्वतःचा. तो बरोबर नेण्याचा त्यास हक्क आहे. दुसरा त्याच्या हातीं सोंपविलेला. त्याचा तो मालक नव्हे, कारभारी आहे. घराण्याचें दप्तर दुसऱ्या प्रकारचें. त्याची किल्ली आपल्याबरोबर नेणें म्हणजे कारभाऱ्यानें हिशेब न देतां निघून जाणें होय. दोन्ही ठेवे एकाच किल्लीनें बंद करणें ही आमच्या स्नेह्यांची चूक. आणि, खरें सांगावयाचें तर, ती आमचीहि होती.

सुदैवानें हें साधन लेखाचा मजकूर झांकतें, पण प्रत्येक लेखास दिलेलें नांव झांकीत नाहीं. मुलानें यादी पाहिली. कांहींच्या माथ्यावर 'दप्तर' होतें, कांहींच्या माथ्यावर 'माझें'. आम्ही म्हणालों, वडिलांनीं ह्याहून स्पष्ट मृत्युपत्र कोणतें लिहावें ? त्यानें दप्तर उघडलें. रोजनिशी उघडली नाहीं. पुसूनहि टाकली नाहीं. चिठ्ठी हातीं असतां रोज न उघडणें ह्यास किती बळ लागत असेल, तें त्याचें त्यास ठाऊक. मेलेल्या बापाचें मन जाणण्याची ओढ कांहीं हलक्या जातीची नसते, आणि हा भार पित्यानें मुलावर टाकावयास नको होता, असें आम्हांस आजहि वाटतें.

घरीं परतल्यावर आम्हीं दोन किल्ल्या केल्या. एकीचें परवलीचें वाक्य लिफाफ्यांत घालून, वर पत्नीचें नांव लिहून, तिच्या देखत कपाटांत ठेविलें. दुसरीचें कोठेंहि लिहिलें नाहीं. आणि तें कोणीं शोधूं नये, हेंहि त्याच लिफाफ्यावर लिहून ठेविलें.