दारात कोण आलंय

वाट पाहणं हे काम आहे की नुसतं रिकामपण? शेतकऱ्याला हा प्रश्न कुणी विचारत नाही, कारण त्याचं निम्मं आयुष्य त्यातच जातं. ज्येष्ठात पावसाची वाट, मग दाणा भरायची वाट, दिवाळीच्या आगेमागे कापलेलं भात वाळायची वाट. मार्गशीर्षात झोडणी उरकते. भाताच्या रिकाम्या खाचरात ओलीवर वाल टाकलेला असतो. त्याला पाणी द्यायचं नाही, उकरून बघायचं नाही. जमिनीतली ओल आणि रात्रीचं दव यांवर तो येतो. आपण सकाळी बांधावर जाऊन यायचं, एवढंच.

याच महिन्यात आमच्या टिटवाळ्यात घरोघरी बायकांचे गुरुवार सुरू होतात. घट मांडायचा, त्यात झाडांचे डहाळे ठेवायचे, महालक्ष्मीची पोथी वाचायची, दिवसभर उपास करून संध्याकाळी नैवेद्य दाखवायचा. आणि याच सुमारास तिकडे वसईत ख्रिस्ती घरांमधून आगमनकाळ लागतो. नाताळच्या आधीचे चार रविवार ते लोक वाट पाहण्यासाठी राखून ठेवतात. हिरव्या पानांच्या चक्रात चार मेणबत्त्या असतात. पहिल्या रविवारी एक लावायची, दुसऱ्या रविवारी दोन, अशा चौथ्या रविवारी चारी पेटतात. २०२४ साली १ डिसेंबरला त्यांचा पहिला रविवार होता आणि दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, आपला मार्गशीर्ष लागला. त्यांचे चार रविवार, आपले चार गुरुवार. दोन्हीकडे घरातलं माणूस म्हणतं, कुणीतरी येणार आहे.

वसईला माझे एक दोस्त आहेत, केळी आणि भाजीपाला करणारे. वसईचा ख्रिस्ती शेतकरी घरात मराठीच बोलतो, देवळातली प्रार्थना मराठीत करतो. हे आमच्याकडच्या पुष्कळांना ठाऊक नसतं. टिटवाळ्याहून कल्याण, पुढे कोपर, तिथून दिवा-वसई गाडी, असा मी त्यांच्याकडे जातो. त्या डिसेंबरात गेलो तेव्हा सकाळी त्यांनी पुढ्यात ऑम्लेट-पाव ठेवला. मी म्हटलं, "अहो, तुमचा तो काळ चालू आहे ना? मग उपास नाही?"

ते हसले. म्हणाले, "कडक उपास आमचा इस्टरच्या आधी. हा काळ थोडं गप्प बसायचा. कुणाशी अबोला असेल तर आपण होऊन त्याच्या घरी जायचं. सकाळचा पाव कशाला सोडायचा? पोटात आधार असला तर माणूस दुसऱ्याच्या दारात जातो."

मी तो पाव खाल्ला, पण प्रश्न डोक्यात राहिला. आपल्याकडे वाट पाहणं आणि उपास यांची गाठ पक्की आहे. आमच्या महागणपतीला संकष्टीच्या दिवशी पहाटेपासून रांग लागते, अंगारकीला तर स्टेशनपासून माणूस माणसाला लागलेलं असतं. रात्री चंद्र उगवेपर्यंत पोटात धड काही नाही. म्हणजे जो सोसतो तोच खरी वाट पाहतो, बाकीचे नुसते मजा करतात, असं आहे का?

मला स्वतःला स्टेशनवरचा सकाळचा वडापाव फार प्रिय आहे, हे आधी सांगून टाकतो. गरम वडा, सुकी लसणाची चटणी, वर मिठातली तळलेली मिरची. कल्याणच्या बाजारात जायचं असलं की पहाटे फलाटावर थंडी वाजते, गाडी उशिरानं येत असते, आणि हातात कागदातली ती ऊब असते. १९६६ साली दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी वडापाव सुरू केला असं सांगतात. पाव त्याच्याही कितीतरी आधी पोर्तुगिजांबरोबर आला. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत त्यांच्याकडे होती. ते गेले, पाव राहिला. त्याच्याआधी आमची न्याहारी म्हणजे तांदळाची भाकरी, मधे वालाची उसळ घालून दुमडलेली. वस्तू वेगळी, काम एकच. दोन घासांत दुसऱ्याच्या हातची ऊब पोटात घालायची आणि दिवसाला लागायचं.

उपासाला मी कमी लेखत नाही. ज्याला भूक कधी कळलीच नाही त्याला उपाशी माणसाची हाक लवकर ऐकू येत नाही. पण उपास केला म्हणजे ऐकू येईलच असंही नाही. हे मी आमच्याच गावच्या गोष्टीवरून म्हणतो.

टिटवाळ्याला कण्वऋषींचा आश्रम होता आणि शकुंतला इथलीच, असं आमच्याकडे मानतात. दुरावलेला दुष्यंत परत मिळावा म्हणून तिनं इथं गणपती पुजला, अशी देवळाची कथा आहे. म्हणून लग्न जमत नाही, जमलेलं टिकत नाही, असे लोक इथं येतात. कथेची शहानिशा मी करत बसत नाही. पण कालिदासाच्या शाकुंतल नाटकात या बाईचं दुःख कुठून सुरू झालं ते बघा. मूळ महाभारतात तो शाप नाही, तो नाटकात आहे. दुष्यंत राजधानीला गेला होता. ती आश्रमात त्याच्या विचारात बसली होती. दारात दुर्वास आले, त्यांनी हाक दिली, आणि तिला ती ऐकूच गेली नाही. शाप मिळाला तो यामुळे. वाट पाहण्यात ती इतकी बुडाली की आलेला माणूस तिला दिसला नाही.

आता गुरुवारची पोथी घ्या. लक्ष्मी म्हातारीच्या रूपात सुरतचंद्रिका राणीच्या दारात येते. राणी ऐश्वर्याच्या मस्तीत, ती म्हातारीला हाकलून लावते. आणि नाताळची गोष्ट घ्या. ती मी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या 'सुबोध बायबल'मध्ये वाचली. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते आणि २०२४ च्या जुलैमध्ये गेले. पिढ्यान्‌पिढ्या लोक तारणहाराची वाट पाहत होते. तो आला त्या रात्री उताराच्या जागी गर्दी होती, बाळंतिणीला जागा मिळाली नाही, बाळाला गव्हाणीत ठेवावं लागलं.

तीन गोष्टी, तीन मुलखांतल्या. एकीला विरहानं दिसलं नाही, दुसरीला मस्तीनं, तिसरीकडे गर्दीनं. एक दुःखात होती, एक सुखात, आणि बाकीचे आपापल्या गडबडीत. पोट भरलेलं आहे की रिकामं, यावर काहीच ठरलेलं नाही. ठरलं ते नजर कुठे होती यावर.

चौथी गोष्ट आमच्या घरातली. आमच्या दोन एकरांची केस बावीस वर्षं चालली. बाबा तारखेला कापडी पिशवीत कागद घेऊन जायचे आणि पुढची तारीख घेऊन यायचे. गोठा पडला होता, तो उभा केला नाही. बांधावर कलमं लावायची होती, लावली नाहीत. "निकाल लागू दे, मग बघू." बहिणीला मुलगा झाला तेव्हा तिच्या सासरचा माणूस पेढे घेऊन दारात आला. त्या दिवशी तारीख होती. बाबांनी पेढा पिशवीत कागदांवर टाकला आणि गाडी गाठली. न्याहारी ते उभ्यानं करायचे, काय खाल्लं ते विचारलं तर सांगता आलं नसतं. निकाल आमच्या बाजूनं लागला, पण बाबा जाऊन तीन वर्षं झाल्यावर. जमीन राहिली. आज मी ती कसतो, आणि वाल टाकताना दर वर्षी ते आठवतात. त्यांनी कष्ट काही कमी सोसले नाहीत. पण त्या बावीस वर्षांत जे जे दारात आलं ते त्यांना नीट भेटलंच नाही.

त्याच घरात, त्याच वर्षांत, आई होती. केस तिचीही होती. पहाटे चूल पेटवून ती भाकऱ्या थापायची आणि घरच्या माणसांपेक्षा एक जास्त करायची. कुणासाठी ते ठरलेलं नसायचं. कामाला आलेला कातकरी गडी असेल, सुकट विकणारी बाई असेल, रस्ता चुकलेला देवळाचा यात्रेकरू असेल. गुरुवारी तिला स्वतःला संध्याकाळपर्यंत खायचं नसे, तरी ती भाकरी व्हायचीच. एकदा मी म्हटलं, "आये, तू उपाशी आणि परक्याला भाकरी?" ती म्हणाली, "उपाशी र्‍हायला म्हंजे झाला आसा नाय. दारान कोन आलाय त्या दिसला पायजे."

शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईनं हे सांगितलं. वसईच्या दोस्तांनी पाव पुढे सरकवत जे सांगितलं ते याच जातीचं होतं.

म्हणून मला वाटतं, वाट पाहणाऱ्यानं आवडीच्या न्याहारीची लाज धरू नये. ती वाट मोडत नाही. पुढे येणाऱ्या मोठ्या दिवसावर डोळे लावून बसलेल्या माणसाला ती आजच्या सकाळी आणून बसवते: हा वाफाळलेला घास, ही मिरची, हा तळणारा माणूस, जो आपल्याआधी दोन तास उठलेला आहे. त्याच्याकडे न बघता खाल्लं तर मात्र ते नुसतं पोट भरणं. आणि घरात जिचा उपास असतो तीच बाकीच्यांची न्याहारी करत असते, हेही खाणाऱ्याला दिसायला हवं. ते ज्याला दिसलं त्यानं आगमनकाळ पाळला म्हणा, मार्गशीर्ष पाळला म्हणा, माझी हरकत नाही.

आमच्या भागात आता शेतांच्या जागी इमारती उठतायत. राहिलेली जमीन कधी विकायची, भाव कुठवर चढेल, याची वाट पाहत पारावर बसलेली माणसं मी रोज बघतो. त्यांची पोरं, नातवंडं समोरून शाळेत जातात, त्यांच्याकडे मान वर होत नाही. बाबांच्या पिशवीची आठवण येते.

घरी आता चूल नाही, गॅस आहे. भाकरी सून करते, रविवारी पोरं पाव आणतात. एक जास्तीची अजून होते. काही दिवस ती कुणाला तरी मिळते, काही दिवस कुत्र्याला जाते, काही दिवस दुपारी मीच ताकाबरोबर खातो.